‘येते’ : बालवर्गाच्या उंबरठ्यावरील एक निरोप

निरोप घेताना ‘जातो’ म्हणण्याची मराठीत रीत नाही; ‘येतो’ किंवा ‘येते’ म्हणावयाचे असते. गुजरातीतील ‘आवजो’ आणि तमिळमधील ‘जाऊन येतो’ या अर्थाचा वाक्प्रयोग याच जातीचे होत. प्रौढ वक्त्यास यातील विसंगती जाणवतही नाही. तीन वर्षांच्या मुलापुढे मात्र पाठ फिरवून जाणारी आई उभी असते आणि तिच्या तोंडी क्रियापद असते ते येण्याचे.

भांडुपच्या पश्चिमेस टेकडीवर चढत गेलेल्या वस्त्यांतील अंगणवाडीच्या दारात हा प्रसंग रोज सकाळी घडतो. येथील पुष्कळ कुटुंबे मूळची कोकणातील. घरातील मालवणीत आई ‘येतंय’ म्हणते, बापही ‘येतंय’च म्हणतो, ‘येतो’ आणि ‘येते’ हा लिंगभेद मुलास बहुधा बाईंच्या प्रमाण बोलीतूनच नेमका कळतो.

मालिनोव्स्की यांनी 1923 मध्ये अशा उपचारवचनांचे वर्णन अर्थापेक्षा माणसामाणसांतील बंध राखणारे बोलणे असे केले. ‘एक साथ, नमस्ते’ या सामुदायिक घोषास हे वर्णन तंतोतंत लागू पडते. तो शब्दसमूह हिंदी वळणाचा आहे याची ना मुलांना खंत, ना बाईंना! ‘येते’ची गोष्ट निराळी. ईव्ह क्लार्क आणि ओल्गा गार्निका यांनी 1974 मध्ये दाखविले की, इंग्रजी भाषिक मुलांना येणे-जाणे या क्रियापदांतील दिशाभेद पुष्कळ उशिरा अचूक साधतो. मराठी बालकाच्या वाट्यास तर हा भेद मुद्दाम उलटा करून येतो. तेव्हा त्याने ‘येते’ हा उपचार न मानता वचन मानले, तर त्यात नवल नाही. व्युत्पत्तीच्या दृष्टीने तेच बरोबरही आहे.

म्हणूनच मूल रडेल या भयाने डोळा चुकवून निघून जाणे हे ‘येते’ म्हणून जाण्याहून भाषिकदृष्ट्याही वेगळे कृत्य ठरते. पहिल्यात वचनच दिलेले नसते. मग परतणे हेही आकस्मिकच. कामाची वेळ गाठण्यासाठी आईस घाई असते हे खरे, परंतु एका शब्दास लागून लागून वेळ तो किती लागणार?

या वचनास बाईंचे उत्तर ‘जा’ असे कधीच नसते. त्या ‘या’ म्हणतात. आईचेच क्रियापद आज्ञार्थात परत येते आणि वचन स्वीकारले जाते. त्याची पूर्तताही त्याच धातूने होते. दुपारी दारात आई ‘आले हं’ म्हणते, बाई नाव घेऊन ‘तुझी आई आली’ असे पुकारतात, आणि पाटी तशीच टाकून मूल उठते. चप्पल घालता घालता तेच आता बाईंना ‘येते’ म्हणते. मुलगा असला तरी कित्येकदा ‘येते’च, कारण सकाळी त्याने ते आईच्या तोंडून तसेच ऐकलेले असते.