बधिरांध मूल आणि शिक्षकाचे प्रशिक्षण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नजर आणि श्रवण दोन्ही अधू असलेले मूल वर्गात आले, की धुळ्याचे देवपूर असो वा मुंबई, शिक्षक आधी गोंधळतात. माया असते, पण माहिती नसते.

गैरसमज : बधिरांध म्हणजे ठार अंध आणि ठार बहिरे.
वस्तुस्थिती : बहुतेकांना थोडे दिसते किंवा थोडे ऐकू येते. अशर सिंड्रोम या आनुवंशिक विकारात श्रवणदोष बहुधा जन्मतः असतो. पुढे अंधारात दिसेनासे होते, मग बाजूचे दिसणे कमी होते. प्रशिक्षित शिक्षक हे हेरतो. तो खिडकीकडे पाठ करून उभा राहत नाही आणि खुणा नजरेच्या टप्प्यातच करतो.

गैरसमज : ब्रेल आणि सांकेतिक भाषा येत असली की पुरे.
वस्तुस्थिती : अंध मुलाला कानांचा आधार असतो, कर्णबधिराला डोळ्यांचा. इथे दोन्ही आधार अपुरे, म्हणून स्पर्शातून संवाद लागतो. दिव्यांग हक्क कायदा, 2016 यात बधिरांधत्वाचा वेगळा उल्लेख आहे आणि अशा मुलांना योग्य भाषेत व माध्यमात शिकवण्याची जबाबदारी शाळांवर आहे.

गैरसमज : हात धरून करवून घेतले की मूल शिकते.
वस्तुस्थिती : मुलाचे हात हेच त्याचे डोळे आणि कान. ते पकडले तर मूल अंग चोरते. प्रशिक्षणात उलटे शिकवतात : शिक्षकाने आपला हात मुलाच्या हाताखाली ठेवायचा, मुलाने वाटेल तेव्हा काढून घ्यायचा. जेवणाआधी रोज तीच वाटी हातात द्यायची आणि थांबायचे. काही दिवसांनी वाटी लागताच मूल जेवणाच्या जागेकडे वळू लागते. संवादाची सुरुवात अशीच होते.

गैरसमज : ही मुले शिकूच शकत नाहीत.
वस्तुस्थिती : बधिरांध असलेल्या हेलन केलर 1904 मध्ये पदवीधर झाल्या, त्यांना घडवणाऱ्या ॲन सुलिव्हन अंधशाळेत शिकलेल्या होत्या. मुंबईत 1977 मध्ये बेरोझ वाच्छा यांनी सुरू केलेली हेलन केलर संस्था आज मुलांबरोबर शिक्षकही तयार करते.

देवपूरहून मुंबई तीनशे किलोमीटरच्या पुढे. प्रत्येक पालकाला ते झेपणारे नाही. म्हणून प्रशिक्षित शिक्षक जिल्ह्यातच हवा. पालकहो, मुलाचे कान तपासाल तेव्हा डोळेही तपासा, आणि सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षकांना विचारा : या कामाचे प्रशिक्षण कोणाला मिळाले आहे? मिळाले नसेल, तर ते मागणे हा तुमचा हक्क आहे.