शेपूट टाकून बसलेले नातलग

पीटर पलास या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने १७७४ मध्ये कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरून आलेला एक बोटभर जीव तपासला आणि बिनशंखाच्या गोगलगायींत त्याची नोंद केली. प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला स्लाइडवर दिसतो तोच हा अ‍ॅम्फिऑक्सस. त्याला कणा नाही, जबडा नाही, धड डोकेही नाही. मात्र पाठीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लवचीक दांडी गेलेली असते. ती पृष्ठरज्जू. तिच्यावर पोकळ चेतारज्जू, घशाला कल्लविदरे, घशाच्या तळाशी चिकट स्राव करणारी खाच आणि गुदद्वाराच्या मागे वाढलेली शेपूट. ही लक्षणे दिसली की प्राणी समपृष्ठरज्जू संघातला. ती जन्मभर टिकलीच पाहिजेत अशी अट मात्र नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे.

आपल्याकडच्या समुद्रातही सापडणारी हर्डमानिया घ्या. खडकाला चिकटलेली बटाट्यासारखी ओबडधोबड थैली, तिला दोन भोके. एकातून पाणी आत, दुसऱ्यातून बाहेर. दाबली की चिळकांडी उडते. अंगावरच्या आवरणात चक्क सेल्युलोज, म्हणजे वनस्पतींचा माल! हृदय काही वेळ एका दिशेने रक्त ढकलते, जरा थांबते आणि मग उलट दिशेने ढकलू लागते. असल्या प्राण्यांना जुन्या पंडितांनी शंख-शिंपल्यांच्या पंगतीला बसवले, यात नवल ते काय?

१८६६ मध्ये रशियन भ्रूणशास्त्रज्ञ अलेक्झांडर कोवालेव्हस्की यांनी या गटातल्या प्राण्यांच्या अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. बेडकाच्या पिलासारखी ठेवण, शेपटीत पृष्ठरज्जू, वर चेतारज्जू. ही अळी काही खात नाही. थोडा काळ पोहते, जागा हेरून डोक्याकडून चिकटते आणि शेपूट, रज्जू सगळे अंगातच जिरवून टाकते. डार्विनने १८७१ च्या ग्रंथात या शोधाची आवर्जून दखल घेतली. पुढे २००६ मध्ये जनुकांच्या तुलनेतून आणखी एक धक्का बसला: कणेवाल्यांचे सर्वांत जवळचे भाऊबंद म्हणजे माशासारखा दिसणारा अ‍ॅम्फिऑक्सस नव्हे, तर या थैल्या!

कणेवाल्यांत दांडीची जागा मणके घेतात, तरी ती पुरती जात नाही. आपल्या मणक्यांमधल्या चकतीचा मऊ गाभा भ्रूणातल्या पृष्ठरज्जूपासूनच घडतो. स्लिप डिस्कने आडव्या झालेल्या माणसाला हे सांगायला जाऊ नये. घशातल्या त्या चिकट खाचेचा वारसा आपल्या थायरॉइडकडे आला आहे.

शाळेच्या तक्त्यातला ‘मत्स्य’ हा वर्ग मला कधीच पटला नाही. मुशी आणि पाकट यांचा सांगाडा कूर्चेचा. सुरमई, बांगडा, पापलेट यांचा हाडांचा. बोंबील कितीही लुसलुशीत असला तरी तोही हाडवालाच. वंशावळ पाहिली तर सुरमई मुशीपेक्षा आपल्याला जवळची. हॅगफिश आणि लॅम्प्री तर जबड्याच्याही आधी वेगळे निघालेले. डॉल्फिन, समुद्री कासवे आणि समुद्रसर्प जमिनीवरून पुन्हा पाण्यात गेले. श्वासाला त्यांना अजून वरच यावे लागते. सुरमईची शेपटी डावी-उजवीकडे हलते, डॉल्फिनची वर-खाली, कारण धावणाऱ्या सस्तन प्राण्याचा कणा तसाच लवतो.

१९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या ईस्ट लंडन बंदरात मार्जरी कोर्टनी-लॅटिमर यांना मासळीच्या ढिगात सीलाकँथ दिसला. सात कोटी वर्षांपूर्वीच नामशेष झाला असे धरून चाललेला हा मासा सुरमईपेक्षाही आपल्या जवळचा. पूर्ण वाढ झाल्यावरही त्याच्या पाठीत मणक्यांची धड रांग नसते, द्रवाने भरलेली जाडजूड पृष्ठरज्जूच असते.