सर्बियाच्या स्वयंसेवकांचे स्मरण आणि छातीवरचा बिल्ला

दरवर्षी ११ नोव्हेंबरच्या सुमारास सर्बियात अनेकांच्या छातीवर एक छोटा बिल्ला दिसू लागतो. त्यावर एक जांभळे फूल आणि वर हिरव्या-काळ्या फितीचा तुकडा असतो. १९१८ मध्ये पहिले महायुद्ध याच तारखेला थांबले. सर्बियात २०१२ पासून या दिवशी राष्ट्रीय सुटी असते. ब्रिटनमध्ये पॉपीच्या लाल फुलाला जो मान, तोच येथे या बिल्ल्याला.

फुलाचे नाव आहे 'नतालियाची रामोंडा'. १८८४ मध्ये निश शहराच्या परिसरात राजवैद्य सावा पेत्रोविच यांना ते आढळले आणि राणी नतालियाचे नाव त्याला मिळाले. पूर्ण वाळलेले हे रोप पाणी मिळताच पुन्हा हिरवे होते. पराभवातून उभ्या राहिलेल्या देशाने हेच फूल का निवडले, हे वेगळे सांगायला नको.

फीत मात्र एका विशिष्ट प्रसंगाची आहे. १९१५ च्या हिवाळ्यात ऑस्ट्रिया-हंगेरी, जर्मनी व बल्गेरिया यांच्या रेट्यापुढे सर्बियन सैन्याने अल्बानियाचे बर्फाळ डोंगर ओलांडत माघार घेतली. थंडी, भूक आणि रोगराईने असंख्य बळी घेतले. वाचलेल्यांना मित्रराष्ट्रांच्या जहाजांनी कॉर्फू बेटावर नेले. या माघारीत सामील असलेल्यांसाठी १९२० मध्ये 'अल्बानियन स्मृतिपदक' सुरू झाले. बिल्ल्यावरची फीत त्याच पदकाची.

स्वयंसेवकांच्या बाबतीत येथेच पेच पडतो. परिचारिका म्हणून आलेली ब्रिटिश फ्लोरा सँडिस या माघारीतच सर्बियन सैन्यात शिपाई झाली आणि पुढे अधिकारी. तिच्या कहाणीला ही फीत शोभते. परंतु १९१६ मध्ये ओडेसात उभ्या राहिलेल्या सर्बियन स्वयंसेवक डिव्हिजनचे बहुतेक सैनिक त्या डोंगरांतून कधी गेलेच नव्हते. ते ऑस्ट्रिया-हंगेरीचे प्रजाजन, रशियाच्या हाती सापडलेले युद्धकैदी. आपल्याच सम्राटाविरुद्ध शस्त्र उचलल्याने पुन्हा पकडले गेल्यास देशद्रोही ठरण्याची टांगती तलवार त्यांच्यावर होती. डोब्रुजाच्या लढाईत या डिव्हिजनची मोठी हानी झाली.

तेथे त्यांच्या जखमींवर उपचार करणाऱ्यांत स्कॉटिश डॉक्टर एल्सी इंग्लिस यांचे महिला पथक होते. या सर्ब सैनिकांना सोडून रशियातून परतण्यास त्यांनी नकार दिला. त्यांच्यासह त्या नोव्हेंबर १९१७ मध्ये न्यूकॅसलला उतरल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचे निधन झाले. २०१५ मध्ये सर्बियाने काढलेल्या टपाल तिकिटांत सँडिस यांच्यासह त्यांचेही चित्र आहे.