दांतांवरील डाग व आमचा गैरसमज

शिक्षकी पेशांत असतांना आम्ही दर सोमवारीं वर्गांतील मुलांचे दांत व नखें तपाशीत असूं. यवतमाळ जिल्ह्यांतून आलेल्या एका मुलाचे पुढचे दांत तपकिरी होते. त्यास आम्हीं सर्वांदेखत आळशी म्हटलें व राखुंडी देऊन नळावर उभें केलें. हिरड्यांतून रक्त येईतों त्यानें दांत घासले. डाग मात्र गेला नाहीं.

गेल्या चैत्रांत ही गोष्ट पुन्हां आठवली. आमच्या धाकट्या सूनबाईंचें माहेर त्याच भागांतलें. हंसतांना त्या तोंडावर हात धरीत, तो विनय असें आम्ही समजत होतों. "मामंजी, दंतवैद्याकडून दांत उजळून घेऊं का?" असें त्यांनीं विचारलें, तेव्हां आम्हीही सोबत गेलों.

तेथें कळलें तें असें. बालपणीं दांत घडत असतांना पिण्याच्या पाण्यांत फ्लोराइड फार असेल, तर डाग दांताच्या कवचांतच उमटतो. तो घासून जाणारा नव्हे. आपल्याकडे लिटरमागें १.५ मिलिग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा मानली आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील कित्येक विहिरींचें पाणी ती ओलांडतें.

दंतवैद्य प्रथम कीड पाहतात, कीटण काढतात, मग दांतांचा ठसा घेऊन पातळ पारदर्शक साचा बनवितात. त्यांत १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचा लेप थेंबभर घालून तो रात्रीं दांतांवर बसवावयाचा. त्यांतून निघणारें हायड्रोजन पेरॉक्साइड कवचांत शिरून रंगद्रव्याचें विघटन करतें. ही रीत हेवूड व हेमन या अमेरिकन दंतवैद्यांनीं १९८९ सालीं प्रसिद्ध केली. चहाचे डाग वा वयपरत्वें आलेला पिवळेपणा बहुधा दोन-तीन आठवड्यांत उतरतो; टेट्रासायक्लिन औषधानें आलेल्या करड्या रंगास कित्येक महिने लागतात. बसविलेल्या टोप्या व भरलेलें सिमेंट यांचा रंग मात्र पालटत नाहीं. कांहीं दिवस थंड पदार्थानें दांत शिवशिवतात, पण तें ओसरतें. गरोदरपणीं हा उपचार पुढें ढकलावा. लिंबू वा कोळसा घासण्याचा घरगुती प्रयोग मुळींच करूं नये. त्यानें कवच झिजतें.

सूनबाईंचे तपकिरी डाग बरेच फिके झाले. पांढुरके ठिपके थोडे राहिले. आतां त्या मोकळेपणीं हंसतात.

तो विद्यार्थी आज चाळिशी ओलांडलेला असेल. त्याची क्षमा मागणें आमच्याकडून राहून गेलें. कोणा मुलाचे दांत डागाळलेले दिसले, तर वाचकांनीं त्यास दोष देण्यापूर्वीं त्याच्या गांवच्या पाण्याची चौकशी करावी, एवढीच विनंती.