प्रकाशाच्या जत्रेत हाफलिंग

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळायला बसलेली नवी मुलं पात्र निवडताना बहुधा आडदांड योद्ध्यावर बोट ठेवतात. जेमतेम तीन फुटांचा हाफलिंग मागे राहतो. मला तर या खेळातला सर्वांत विचारपूर्वक घडवलेला वंश तोच वाटतो.

सुरुवातीला तसं नव्हतं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ मध्ये हा खेळ काढला, तेव्हा टोल्किनच्या १९३७ च्या कादंबरीतला हॉबिट नावासकट उचलला आणि त्याला चौथ्या पातळीच्या योद्ध्यापुढे वाढूच दिलं नाही. पुढच्याच वर्षी 'ग्रेहॉक' पुरवणीत चोराचा पेशा आला; त्यात मात्र या बुटक्यांना पातळीची अट नव्हती. हक्कांचा वाद उभा राहिल्यावर 'हॉबिट' हे नाव गेलं आणि 'हाफलिंग' उरलं.

२०१४ च्या नियमांत त्याचं खरं रूप दिसतं. माणूस एका फेरीत ३० फूट जातो, हा २५. अवजड शस्त्र त्याला पेलत नाही. पण आपल्याहून मोठ्या कुणाच्याही जागेतून तो सरळ निसटून जाऊ शकतो. हल्ला करताना किंवा कसोटीच्या वेळी वीस बाजूंच्या फाशावर एक पडला, तर तो फासा पुन्हा टाकतो. भीतीशी झगडतानाही नियम त्याच्या बाजूने असतात. लहानपणाची भरपाई म्हणून ताकद दिलेली नाही. लहान असण्यातूनच चाल काढली आहे.

अशा पात्रासाठी मी नकाशा काढीन तो शहादा तालुक्यातल्या प्रकाशाचा. तापी-गोमाईचा संगम, केदारेश्वर, आणि गुरू सिंह राशीत आला की, म्हणजे बारा वर्षांनी, गौतमेश्वराला भरणारी सिंहस्थाची जत्रा. त्या गर्दीत सहा फुटी योद्धा अडकून पडेल. हाफलिंग लोकांच्या पायांतून घाटावर पोचेल. शस्त्रही इथलंच. १९५५ मध्ये बा. कृ. थापर यांनी इथे उत्खनन केलं. त्यात ताम्रपाषाण काळातल्या वस्तीच्या थरांतून दगडाची लहान पाती निघाली. लाकडी मुठीत बसवलेलं असं पातं त्याच्या हाताला शोभेल.

आणि हाफलिंगच हवा असंही नाही. महाभारताच्या आदिपर्वात वालखिल्य आहेत, अंगठ्याच्या पेराएवढे ऋषी. कश्यपाच्या यज्ञासाठी ते सगळे मिळून पळसाची एक काडी ओढत निघाले आणि गाईच्या खुरात साचलेल्या पाण्यात बुडू लागले. डोंगराएवढं सरपण वाहणारा इंद्र हसून पुढे गेला. संतापून त्यांनी दुसरा इंद्र घडवायला यज्ञ मांडला. इंद्र घाबरून कश्यपाला शरण गेला. कश्यपाने मध्यस्थी केली आणि त्या तपाचं फळ गरुडाच्या रूपाने पक्ष्यांचा इंद्र म्हणून जन्माला आलं.

हाफलिंग नशिबावर तरतो, वालखिल्य एकत्र केलेल्या तपावर. त्यामुळे खेळात वालखिल्य आणायचे तर एका खेळाडूकडे एक ऋषी देऊ नये, अख्खा जथा द्यावा. ओझं उचलताना त्यांचा फासा कायम कमजोर ठेवावा. कुणी हसलं की तपाचा एक गुण जमा करावा. बारा गुण झाले की जथ्याने यज्ञ मांडावा आणि त्यातून काय जन्माला येणार, हे खेळाडूंनी मिळून ठरवावं.