द्रायुयामिकीचे पहिले पाठ्यपुस्तक : परिभाषेच्या अंगाने काही विचार

स्थापत्य, यंत्र व रसायन या अभियांत्रिकी शाखांतील विद्यार्थ्याची पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या सुमारास ज्या विषयाशी प्रथम गाठ पडते, तो विषय म्हणजे द्रायुयामिकी. वर्गात सर्वत्र म्हणतात त्याप्रमाणे फ्लुइड मेकॅनिक्स. या विषयाचे पहिले पुस्तक कोणते निवडावे हा प्रश्न त्या त्या शाखेच्या अध्यापकांचा आहे. त्यात भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने लक्ष घालण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन असे की, अनुक्रमणिकेच्या दृष्टीने ही प्रारंभिक पुस्तके जवळजवळ सारखीच असतात. द्रायूंचे गुणधर्म, स्थिर द्रायूतील दाब, बर्नुलीचे समीकरण, संवेगाचे समीकरण, मितीय विश्लेषण, नळांतील प्रवाह, सीमास्तर हा क्रम थोड्याफार फरकाने सर्वत्र आढळतो. मग निवड करावयाची ती कशाच्या आधारावर? प्रस्तुत लेखकाच्या मते ती पुस्तकाच्या भाषेच्या आधारावर करावी. येथे भाषा म्हणजे केवळ इंग्रजी की मराठी एवढाच प्रश्न नव्हे. संज्ञांच्या व्याख्या, चिन्हांची निवड आणि विधानांस जोडलेल्या अटी ही सर्व तीत अंतर्भूत आहेत.

प्रथम विषयाच्या नावाचाच विचार करू. इंग्रजी ‘फ्लुइड’ हा शब्द वाहणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला आहे. म्हणजे तो पदार्थाच्या वर्तनाकडे बोट दाखवितो. मराठी विज्ञानलेखनात व विश्वकोशात रूढ झालेला ‘द्रायू’ हा शब्द ‘द्रव’ आणि ‘वायू’ यांच्या सांध्यातून घडविलेला आहे. शब्द सुटसुटीत आहे, आणि हवेचाही या विषयात समावेश होतो हे तो पहिल्याच क्षणी सांगतो. ‘फ्लुइड’ ऐकून केवळ पाणी डोळ्यांसमोर आणणाऱ्या विद्यार्थ्यास ही मदत लहान नाही. परंतु तो केवळ सभासदांची यादी देतो, सभासदत्वाची अट सांगत नाही. ती अट व्याख्येनेच सांगावी लागते : थरावरून थर घसरवू पाहणारे, म्हणजे कर्तन स्वरूपाचे, प्रतिबल कितीही अल्प असले तरी त्याखाली जो पदार्थ सतत विरूप होत राहतो, तो द्रायू. या व्याख्येनुसार डांबरासारखा, हातोडीने फुटणारा पदार्थही द्रायू ठरतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात १९२७ साली नरसाळ्यात ओतून ठेवलेल्या आणि १९३० साली खालून मोकळ्या केलेल्या डांबराचा नववा थेंब २०१४ मध्ये पडला, हे उदाहरण आता प्रसिद्धच आहे.

ही व्याख्या बहुतेक सर्व पुस्तकांत पहिल्या काही पृष्ठांत असते. पाहावयाचे ते हे की, पुढे तिचा उपयोग केला आहे की नाही. स्थिर द्रायूत कर्तन प्रतिबल असूच शकत नाही. म्हणून एखाद्या बिंदूपाशी दाब सर्व दिशांनी सारखा असतो. पास्कलचा नियम व्याख्येतून असा सरळ निघतो. जे पुस्तक हा धागा दाखविते ते विद्यार्थ्यास युक्तिवाद शिकविते. जे व्याख्या एका प्रकरणात आणि नियम दुसऱ्या प्रकरणात स्वतंत्र सुभाषितांप्रमाणे मांडते, ते त्यास पाठांतर शिकविते. पुस्तक हाती घेतल्यावर पंधरा मिनिटांत करता येण्याजोगी ही पहिली परीक्षा आहे.

दुसरी परीक्षा श्यानतेच्या प्रकरणात घ्यावी. येथे मराठी विद्यार्थ्याची बोलभाषा त्याच्या आड येते. ताक दाट असते, वरण पातळ होते, काकवी फार दाट असते. या सर्व ठिकाणी ‘दाट’ हा शब्द प्रवाहास होणाऱ्या अंतर्गत विरोधाविषयी, म्हणजे श्यानतेविषयी बोलतो. पण ‘दाट वस्ती’, ‘दाट झाडी’ यांत तोच शब्द थोड्या जागेत पुष्कळ असणे, म्हणजे घनता, सुचवितो. परिणामी तेल पाण्यापेक्षा दाट आहे आणि तरीही पाण्यावर तरंगते, यातील विसंगती केवळ शब्दांची आहे हे विद्यार्थ्यास सहजी उमगत नाही. ‘चिकटपणा’ हा पर्यायही तितकाच फसवा; तो पदार्थ दुसऱ्यास डकवून धरण्याचा गुण होय. उत्तम पुस्तक अशा ठिकाणी केवळ व्याख्या देऊन थांबत नाही, तर आकडे शेजारी शेजारी ठेवते. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून थोडा अधिक घन, परंतु त्याची श्यानता पाण्याच्या दीडपटीच्या जवळपासच आहे. हवेची श्यानता पाण्याच्या सुमारे पंचावन्नाव्या हिश्श्याइतकी. पण श्यानतेस घनतेने भागून मिळणारी शुद्धगतिक श्यानता घेतली तर सामान्य तापमानास हवाच पाण्याच्या सुमारे पंधरा पट भरते. ही दोन वाक्ये ज्यास पटली त्यास रेनल्ड्झ अंकात भाजकाच्या जागी काय बसले आहे याचा अर्थ कळेल.

त्या अंकाच्या निमित्ताने छपाईची एक अडचणही नोंदविली पाहिजे. शुद्धगतिक श्यानतेसाठी ग्रीक ‘न्यू’ आणि वेगासाठी रोमन ‘व्ही’ ही अक्षरे तिरक्या ठशात जवळजवळ एकसारखी दिसतात, आणि रेनल्ड्झ अंकाच्या सूत्रात ती वरखाली बसतात. फळ्यावर तर त्यांतील भेद पूर्णपणे लोपतो. काही लेखक वेगासाठी मोठे अक्षर वापरून आणि घनफळाच्या ‘व्ही’वर आडवी रेघ मारून ही अडचण टाळतात. एवढीशी ही काळजी लेखकाने आपल्या वाचकाचा किती विचार केला आहे हे सांगून जाते.

याहून गंभीर प्रकार म्हणजे एकच चिन्ह दोन परंपरांत दोन अर्थांनी वापरले जाणे. बर्ड, स्ट्युअर्ट व लाइटफूट यांच्या १९६० सालच्या ग्रंथात, जो रासायनिक अभियांत्रिकीत प्रमाण मानला जातो, न्यूटनचा श्यानता-नियम ऋणचिन्हासह येतो. कारण तेथे ‘टाऊ’ हे अक्षर संवेगाचा ओघ दर्शविते. यंत्र अभियांत्रिकीच्या पुस्तकांत तेच अक्षर प्रतिबल दर्शविते आणि ऋणचिन्ह नसते. दोन्ही लेखने निर्दोष आहेत. दोषी ठरतो तो एकातून दुसऱ्यात सूचनेवाचून उडी घेणारा वाचक.

पण खरी हानी होते ती घर्षणांकाच्या बाबतीत. नळातील घर्षणाने होणारी शीर्षहानी, म्हणजे हेडलॉस, काढण्याच्या सूत्रात ‘एफ’ हे अक्षर येते. डार्सीच्या परंपरेतील ‘एफ’ हा फॅनिंगच्या परंपरेतील ‘एफ’च्या चौपट असतो. स्तरीय प्रवाहात पहिला ६४ भागिले रेनल्ड्झ अंक, तर दुसरा १६ भागिले रेनल्ड्झ अंक. अमेरिकन यंत्र-अभियांत्रिकी पुस्तके व १९४४ सालचा मूडी यांचा आलेख पहिला वापरतात. आपल्याकडे अत्यंत प्रचलित असलेल्या बन्सल यांच्या पुस्तकात सूत्र ‘चार एफ’ असे लिहिलेले असते. म्हणजे तेथील ‘एफ’ दुसरा होय. आता १० सेंटिमीटर व्यासाचा व १०० मीटर लांबीचा नळ घ्या. त्यातून पाणी सेकंदास २ मीटर वेगाने वाहत आहे. मूडीच्या आलेखावरून घर्षणांक ०.०२ मिळाला असे समजू. डार्सीच्या सूत्राने शीर्षहानी सुमारे ४.१ मीटर येते. तोच आकडा ‘चार एफ’ असलेल्या सूत्रात घातला तर ती १६.३ मीटर होते, आणि त्यावरून निवडलेला पंप विनाकारण मोठा ठरतो. विद्यार्थी गणितात चुकलेला नसतो. त्याने दोन बोली मिसळलेल्या असतात. भाषेच्या अभ्यासकास हा प्रकार समरूप शब्दांच्या घोटाळ्याहून निराळा वाटत नाही, फक्त येथे त्याची किंमत विजेच्या देयकात मोजावी लागते. यास्तव पुस्तक कोणतीही परंपरा पाळो, दुसरी अस्तित्वात आहे हे ते सांगते की नाही, ही तिसरी परीक्षा.

बर्नुलीच्या समीकरणाविषयी थोडक्यात. प्रवाह काळानुसार न बदलणारा, असंपीड्य, घर्षणविरहित आणि विचार एकाच प्रवाहरेषेवरील : या अटी समीकरणाच्या तळटिपा नसून त्याचा ‘जर’ हा अर्धा भाग आहेत. मुख्य वाक्य तेवढे पाठ करून गौण वाक्य विसरल्याने विमानाच्या पंखाविषयीचे ते खोटे स्पष्टीकरण टिकून राहिले आहे, ज्यात वरची व खालची हवा मागच्या कडेस एकाच वेळी पोहोचलीच पाहिजे असे गृहीत धरतात. तशी कोणतीही सक्ती हवेवर नाही. पुस्तक पारखताना या प्रकरणाची उदाहरणे चाळावीत. सर्वच उदाहरणे बर्नुलीने सुटत असतील तर ते पुस्तक कमी प्रतीचे समजावे. जेथे हे समीकरण लागू नाही असे ओळखावयास लावणारी दोन-चार उदाहरणे असली पाहिजेत.

या कसोट्यांवर प्रस्तुत लेखकाचे मत फॉक्स व मॅकडोनल्ड यांच्या, १९७३ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाच्या बाजूने पडते. त्यातील सोडविलेल्या उदाहरणांत मूळ समीकरणापाठोपाठ गृहीतके क्रमाने मांडलेली असतात, आणि ही सवय एकदा जडली की सुटत नाही. व्हाइट यांचे पुस्तक अधिक व्यापक व गद्याच्या दृष्टीने अधिक चटकदार. परंतु ज्याचे इंग्रजी वाचन बेताचे आहे अशा विद्यार्थ्यास ते दुसरे पुस्तक म्हणून द्यावे. मन्सन, यंग व ओकिशी यांचे किंवा चेंगेल व सिंबाला यांचे पुस्तकही पहिले म्हणून चालेल. बन्सल अथवा मोदी-सेठ यांची पुस्तके टाकाऊ आहेत असे मुळीच नाही. त्यांची वाक्ये आखूड, रचना सरळ आणि सोडविलेली उदाहरणे विपुल असतात. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यास प्रथम धीर मिळतो तो बहुधा त्यांतूनच. मात्र ती सरावासाठी जोडीस असावीत. बॅचलर यांच्या १९६७ सालच्या ग्रंथाच्या नावात ‘परिचय’ हा शब्द आहे म्हणून कोणी फसू नये. तो परिचय गणितात मुरलेल्या वाचकासाठी आहे. याखेरीज व्हॅन डाइक यांचा १९८२ सालचा प्रवाहचित्रांचा संग्रह विभागाच्या ग्रंथालयात अवश्य असावा. सीमास्तर या शब्दाची त्यातील छायाचित्रांइतकी चांगली व्याख्या शब्दांत करता येणे कठीण आहे.

राहिला प्रश्न मराठी पुस्तकाचा. २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकीचे पदवी-शिक्षण देण्यास मान्यता दिल्यापासून तो केवळ तात्त्विक राहिलेला नाही. असे पुस्तक सिद्ध करताना संज्ञांचा वाद प्रथम उभा राहील. विश्वकोशात ‘फोर्स’साठी ‘प्रेरणा’ आहे, शालेय पुस्तकांत ‘बल’ आहे. विद्यार्थी शाळेतून येतो. तेव्हा ‘बल’ ठेवावे हे उत्तम. ‘श्यानता’ हा शब्द अपरिचित आहे, पण अपरिचित असल्यामुळेच ‘दाट’ आणि ‘चिकट’ यांच्या छायेतून मुक्त आहे, तो ठेवावा. चिन्हे मात्र रोमन व ग्रीकच असू द्यावीत, कारण आलेख व कोष्टके त्यांतच आहेत. आणि घर्षणांकासाठी डार्सीची परंपरा स्वीकारून, ‘चार एफ’ असे लिहिणारी पुस्तकेही विद्यार्थ्याच्या हाती पडतील ही सूचना चिन्हांच्या यादीतच, पहिल्या प्रकरणापूर्वी, छापावी.