भावाभावांची वाटणी आणि तुकडेबंदीचा कायदा

रब्बीची मळणी आटोपून शेते मोकळी झाली, की गावोगाव वाटणीच्या गोष्टी निघू लागतात. पंच जमतात, दोरी धरली जाते, बांधावर दगड पुरले जातात आणि मंडळी समजतात की काम झाले. वस्तुतः काम तेथून पुढे सुरू व्हावयाचे असते.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ८५ अन्वये सहधारकाने वाटपासाठी तहसीलदारांकडे अर्ज करावयाचा असतो. सर्व सहधारकांचे म्हणणे ऐकून ते जमिनीची व आकाराची विभागणी करतात. मालकीविषयीच वाद निघाल्यास दिवाणी न्यायालयाचा निर्णय होईपर्यंत वाटप थांबते. बहिणींची नावे गाळून केलेले अर्ज बहुधा येथेच अडकतात. हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत २००५ पासून मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे, हे कितीदा सांगावे!

याहून मोठी अडचण १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याची. २०२३ च्या अधिसूचनेनुसार बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीस २० गुंठे व बागायतीस १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे. शेतजमिनीचे वाटप करताना त्याहून लहान तुकडा पाडता येत नाही. समजा, चार भावांची १ एकर १० गुंठे जमीन आहे. प्रत्येकाचा हिस्सा साडेबारा गुंठे. जमीन बागायत असेल तर चौघांनाही जमीन मिळेल. जिरायत असेल तर दोघांनाच मिळेल. उरलेल्या दोघांस आपल्या हिश्श्याची किंमत रोख घ्यावी लागेल. जमीन कोणी घ्यावी हे भावांनी आपसांत ठरवावे. न ठरल्यास चिठ्ठ्या टाकल्या जातात. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याने ताबा घेण्यापूर्वी रक्कम भरली पाहिजे, नाहीतर त्याचाही हक्क जातो. वाडवडिलांचे शेत चिठ्ठीवर सोपविण्यापेक्षा घरी बसून बोललेले बरे. म्हणून विहीर व पिके यांच्या नोंदी सातबाऱ्यावर बरोबर आहेत की नाहीत, हे अर्जापूर्वीच पाहावे.

वाट आणि पाणी यांकडे तर कोणाचेच लक्ष नसते. एका गावी तोंडी वाटणीत धाकट्याकडे मागचा भाग आला. पुढच्या वर्षी थोरल्याने वाट नांगरली आणि धाकट्याचा ऊस तोडणीस येऊनही गाडीअभावी उभा राहिला. वाटणीच्या नकाशात वाट दाखविलेली असती व विहिरीच्या पाळ्या लिहून घेतलेल्या असत्या, तर हा प्रसंग आला नसता.

आदेशानंतर मोजणी होऊन पोटहिस्से पडतात व फेरफाराची नोंद होते. नोंद प्रमाणित झाल्यावर प्रत्येकाने आपला उतारा काढून क्षेत्र व आकार यांची आदेशाशी ताडणी करावी.